अडतिसावं दाखलापुस्तक

शेजार संस्था, तळेगाव दाभाडे
४ ऑगस्ट २०२५

श्रीमती इंदिरा केतकर यांस,

'सौ. वहिनी' लिहायची चाळीस वर्षांची सवय. आज पेन तिथे अडलं, म्हणून हे असं. फोन तुम्ही उचलत नाही. दोनदा तुंगार्लीला येऊन गेले, दार आतून लावलेलं. तेव्हा हे पत्र संस्थेची सचिव म्हणून लिहिते आहे, दादाची बहीण म्हणून नाही.

मळवलीच्या बंगल्यांवर राखणीला असलेल्या लोकांची पोलिसांनी गेल्या आठवड्यात तपासणी केली. शेतकरी भिमाजीभाऊंच्या शेजारच्या बंगल्यावर दादाने कामाला लावलेली ती सुईपार नावाची बाई आणि तिची नऊ वर्षांची मुलगी तुम्हाला माहीतच आहेत. बाईकडे आधार कार्ड निघालं, त्यावर पत्ता मळवलीचा. ते कार्ड मिळालं आपल्या संस्थेच्या दाखल्यावर. दाखल्यात ती मूळची मिझोरामची असल्याचं लिहिलं आहे, आणि खाली दादाच्या नावाची सही आहे. 'सदर महिलेस मी गेली दहा वर्षे व्यक्तिशः ओळखतो.' बाई स्वतःच पोलिसांना म्हणाली की मी म्यानमारची, अडीच वर्षांपूर्वी सीमा ओलांडून आले.

पोलिसांचा प्रश्न सरळ आहे. संस्थेने हे जाणूनबुजून केलं, की बाईने संस्थेला फसवलं? विश्वस्तांचं मत आहे की फसवलं. दादाला कंपवात होता, शेवटची दोन वर्षं त्याला धड वाचताही येत नव्हतं. घरात तुम्ही होता, म्हणून तुमच्या जबाबाला वजन आहे. मजकूर तयार करून सोबत जोडला आहे. सही करून उलट टपाली पाठवा.

दुसरं. दाखल्यांची पुस्तकं, क्रमांक १ ते ४१, तुमच्या कपाटात आहेत. ती संस्थेची आहेत. तीही पाठवा.

नव्या सभागृहाला दादाचं नाव द्यायचं ठरलं आहे. पाटी रंगवायला दिली आहे. ती पुसायची वेळ आणू नका.

राजेश्वरी

*

तुंगार्ली, लोणावळा
८ ऑगस्ट २०२५

चि. राजेश्वरी हिस आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू आलीस तेव्हा मी घरातच होते. दार उघडलं नाही. दोन महिने लोक येतात, 'कसं झालं' विचारतात आणि मी पुन्हा सगळं सांगते. त्या दोन दिवशी सांगायची ताकद नव्हती. तुझ्यावर राग नव्हता. फोनवर मला नीट बोलता येत नाही, लिहिलेलं बरं.

जबाब वाचला. त्यावर मी सही करणार नाही. सुईपारने कुणालाही फसवलेलं नाही. तिला मराठी वाचता येत नाही, कागदावर काय लिहिलं ते तिला कळणं शक्य नव्हतं. हॉस्पिटलसाठी कागद आहे एवढंच तिला सांगितलं होतं. मुलीच्या, मावीच्या, हृदयाला भोक होतं. एका ओळखीच्या नर्सबरोबर ती पुण्याला आली, तिथून तुझ्या दादांकडे. पुढचं तुला माहीत आहे.

दाखल्यांच्या वाक्याबद्दल तू असं लिहितेस जणू ते आज पहिल्यांदा वाचलंस. पहिला दाखला लिहिला तेव्हा तू शेजारी बसली होतीस. १९९४ साल. कातकरवाडीच्या हौशीरामला रेशनकार्ड मिळत नव्हतं, कारण जन्माचा कागद नाही, गावाचा नाही, कशाचाच नाही. वय विचारलं तर म्हणाला, "आमचं वय त्या आंब्याला इचारा, दादा." ह्यांनी लिहिलं, 'सदर इसमास मी गेली दहा वर्षे व्यक्तिशः ओळखतो.' त्याला भेटून चार दिवस झाले होते. तू हसलीस. मग ह्यांनी पुस्तकात राहणाऱ्या स्थळप्रतीच्या मागे खरं काय ते लिहून ठेवलं. 'भेट चार दिवसांची. वय अंदाजे तीस. माणूस खरा.' दर दाखल्याला तीच पद्धत. पुढे खोटं, मागे खरं. त्या दाखल्यांवर किती घरांत रेशन आलं, ते तू दर वार्षिक अहवालात छापतेस.

पुस्तकं पाठवीन. थोडा वेळ दे.

इंदिरा

*

तळेगाव दाभाडे
११ ऑगस्ट २०२५

वहिनी,

हौशीरामचं नाव घ्याल हे मला ठाऊक होतं.

हौशीरामचा बाप ह्या डोंगरात मेला, आजा ह्या डोंगरात मेला. ह्या देशाचा कागद हा त्याचा हक्क होता आणि तो त्याला न मिळणं ही सरकारची चूक होती. दादाने ती चूक आकडा वाढवून दुरुस्त केली. मी हसले, हो. आज पुन्हा हसेन. पण ही बाई ह्या देशाची नाही. तिला जेवू घाला, औषध द्या, मुलीचं ऑपरेशन करा, त्याला मी कधी नाही म्हटलं? दया करायला कागद लागत नाही. कागद दिला की दया संपते आणि दुसरंच काही सुरू होतं.

उद्या कोणी खरोखर वाईट हेतूने आला आणि दादाचं तेच वाक्य खिशात घेऊन लोणावळ्यात राहिला, तर? इथे घाटाखाली रेल्वे आहे, द्रुतगती मार्ग आहे, नौदलाचं केंद्र आहे. मी बागुलबुवा उभा करत नाही. माझा मुकुल दीड वर्षं त्याच सीमेवर आहे. तो सांगतो, ओलांडणाऱ्या शंभरात नव्वद जणी पोरं कडेवर घेतलेल्या बायका असतात. उरलेले दहा कोण, ते शोधताना त्याच्या तुकडीतला एक जण गेला. तुमच्या दृष्टीने ते दहा नसतातच, कारण ते तुमच्या ओट्यावर येऊन चहा मागत नाहीत.

आपल्या देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, तो व्हावा म्हणून मी स्वतः तीन परिषदांत बोलले आहे. पण नसलेल्या कायद्याची जागा खोट्या दाखल्याने भरायची नसते. आणि एक सांगते. ह्या एका दाखल्यामुळे एकतीस वर्षांचे सगळे दाखले संशयात येतील. हौशीरामचासुद्धा. त्याला जाऊन सांगाल का तुम्ही?

तुम्हाला दादाला हुतात्मा करायचं आहे. 'माझा नवरा मुद्दाम कायदा मोडून एका अनाथ बाईसाठी उभा राहिला.' तुम्हाला तेवढंच उरलं आहे, हे मी समजू शकते. पण तो माझाही भाऊ होता आणि मला तो लबाड म्हणून नको आहे.

सही करा.

राजेश्वरी

*

तुंगार्ली
१९ ऑगस्ट २०२५

चि. राजेश्वरी,

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. त्या तुला दुसऱ्याकडून कळू नयेत.

बंगल्याच्या मालकाने सुईपारला खोली रिकामी करायला सांगितली. मी शनिवारी मळवलीला गेले. भिमाजीभाऊ ओट्यावर बसले होते. मला बघून उठले, खुर्ची दिली.

"वैनी, तुमी ह्यात पडू नका," म्हणाले. "दादा देवमानूस. पर ह्यो कागुद लय वंगाळ झाला. उद्या मला इचारतील, तुमच्या शेजारची बाई कुटनं आली?"

आतून त्यांच्या पत्नी सरुबाई म्हणाल्या, "मंग सांगा की. दूरदेशातनं आली आन् आमच्या खाचरात वाकली म्हनावं. दोन साल लावणी करून घेतली, तवा न्हाई इचारलं कुटनं आली."

"फुकाट न्हाई करून घेतली. तांदूळ दिला."

"दिला. कणी दिली."

"तू गप. देशाचा सवाल हाय ह्यो."

"व्हय व्हय, देशाचा! माज्या सुनंला लावणी शिकवायला तीन साल गेली. ह्या बाईच्या हातात पयल्या दिशी रोप दिलं, तर माज्या फुडं निघून गेली. भात लावनारं मानूस चोर नसतंय, येवडं मला कळतं."

भिमाजीभाऊ माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "चोर कोन म्हनतंय तिला? पर चांगल्या मानसाच्या मागनं वाईट मानूस येतो का न्हाई, तुमीच सांगा वैनी. तुमी शिकलेल्या."

त्यांनी विचारलं ते तुझ्या पत्रातल्या त्या दहा जणांबद्दलच. मी तुझं पत्र तीन वेळा वाचलं.

तरी दोघींना घरी घेऊन आले, ही पहिली गोष्ट. पोलीस ठाण्यात जाऊन नवा पत्ता लिहून दिला, म्हणजे लपवल्यासारखं होणार नाही. मागच्या खोलीत राहतात. मावी इथून शाळेत जाते. तिला मराठी छान येतं, मळवलीचं येतं. मला "आजी, तुमी जेवला का?" विचारते. ह्या घरात दोन महिने कोणी विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, पुस्तकं भिमाजीभाऊंच्या जीपमधून पाठवली आहेत. मिळाल्याची पोच दे.

यंदा घरी गणपती आणत नाही. तू तुझ्याकडे आण, तुझ्या घरी सुतक नाही.

इंदिरा

*

तळेगाव दाभाडे
२९ ऑगस्ट २०२५

वहिनी,

पोच देते. चाळीस पुस्तकं मिळाली. एकेचाळीस हवी होती. अडतिसावं नाही. सुईपारचा दाखला फेब्रुवारी २०२४ चा आहे, म्हणजे अडतिसाव्यातलाच. तुम्ही मोजायला विसरलात असं मी म्हणणार नाही. तुम्ही तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली आहे.

काल तुमच्या घरून पोलीस बाईला घेऊन गेले तेव्हा तुम्ही मुलीची शाळेची पिशवी भरून दिलीत, असं कळलं. बाईच्या फोनमध्ये काय निघालं ते तुम्हाला सांगते. तिच्या नवऱ्याचा फोटो, लष्करी कपड्यांत, हातात बंदूक. तिकडच्या एका सशस्त्र टोळीत आहे. महिन्यातून एकदा बोलतो. त्याहून पुढचं ऐका. त्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "मळवलीला असताना हा फोटो आजीला पण दाखवला होता."

आजीला! म्हणजे तुम्हाला. म्हणजे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला ११ तारखेचं पत्र लिहू दिलंत, त्या दहा जणांबद्दल. तीन वेळा वाचलंत म्हणता. वाचून काय केलंत? पिठलं केलंत त्यांच्यासाठी?

मुलगी पुण्याला बालगृहात आहे. आईची चौकशी चालू आहे. विश्वस्तांनी ठराव केला आहे: सदर महिलेने मूळ देश लपवून, खोटी माहिती देऊन कै. गंगाधर केतकर यांची फसवणूक केली. ५ सप्टेंबरला मी तो जबाब माझ्या सहीने देणार. त्यावर तिच्यावर फसवणुकीचा आणि बनावट कागदाचा गुन्हा लागेल. मग ती आत जाईल आणि मुलगी बाहेर राहील, किती वर्षं ते मला माहीत नाही. मला त्याचा आनंद नाही. पण ह्या दोन माणसांपैकी एकच खरं असू शकतं. एक तर ती खोटारडी, नाही तर दादा. मी दादा निवडला.

तुम्ही कोणाला निवडलंत ते तुमच्या मागच्या खोलीत दिसलंच.

पुस्तक पाठवा, नाही तर पोलीस येऊन घेतील.

राजेश्वरी

*

तुंगार्ली
१ सप्टेंबर २०२५

चि. राजेश्वरी,

हे पत्र मी दोन दिवस लिहिते आहे. मला मुद्द्याचं आधी सांगायची सवय नाही, पण आज तसं करते. त्या दाखल्यावरची सही तुझ्या दादांची नाही. माझी आहे.

त्यांचा हात चालेना झाल्यापासून पत्रं मी लिहीत असे आणि त्यांच्या सांगण्यावरून सहीही मी करत असे. बँकेतलं सोडून सगळीकडे. तुला आलेली दिवाळीची दोन पत्रं माझ्या हातची आहेत. तू ओळखलं नाहीस.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मावीच्या दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलने कागद मागितला. सुईपारने दिल्लीला निर्वासितांच्या कचेरीत अर्ज केला होता, त्याची चिठ्ठी तिच्याकडे होती. तो खरा कागद. पण मुलाखतीची तारीख ऑक्टोबरची. डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांपेक्षा जास्त थांबू नका. मी ह्यांना म्हटलं, आपला दाखला देऊ. ते नाही म्हणाले. तू आज लिहितेस तेच ते म्हणाले, जवळजवळ त्याच शब्दांत. "हौशीरामच्या दाखल्यात आकडा खोटा होता, माणूस खरा होता. ह्यात सगळंच खोटं होईल. आणि उद्या ह्या खोट्या कागदाने तिचा खरा कागद मारला जाईल. थांब, दुसरी वाट काढू."

मी थांबले नाही. मी त्यांना म्हटलं, "तीस वर्षं लिहीत आलात, आत्ताच हात का थरथरतो?"

तो हात त्या वेळी चहाचा कपही धरू शकत नव्हता. हे मी त्यांना म्हटलं. ते आत जाऊन पडले. मी पुस्तक काढलं, दाखला लिहिला, सही केली. ऑपरेशन झालं. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मला वाटलं, ते विसरले. कधी वाटायचं, मनातून त्यांना पटलं.

ते गेल्यावर चौदाव्या दिवशी मी कपाट आवरायला घेतलं. अडतिसाव्या पुस्तकात त्या स्थळप्रतीमागे त्यांचं अक्षर होतं. ओळी खाली घसरलेल्या, एकेक अक्षर दोनदा गिरवलेलं. ते लिहायला त्यांना अर्धा तास लागला असेल, आणि मी तेव्हा बाजारात किंवा देवळात असेन. लिहिलं आहे: 'खरे: म्यानमार. दहा वर्षे नव्हे, दहा महिने. सही माझी नाही, इंदिराची. मुलगी वाचली. गं.'

म्हणून ते पुस्तक पाठवलं नाही. तुला वाटलं मी त्यांना हुतात्मा करते आहे. मी तुला तसं वाटू दिलं, कारण ते सोपं होतं. संसारात त्यांनी माझ्याविरुद्ध लिहिलेली ही एकच ओळ आहे आणि ती मला कुणाला दाखवायची नव्हती.

नवऱ्याच्या फोटोचं खरं आहे. तो शाळेत शिक्षक होता. लष्कराने गाव जाळलं तेव्हा त्याने बंदूक घेतली असं सुईपार सांगते. मला त्यातलं कळत नाही. हे पोलिसांना आधी कळायला हवं होतं हे तुझं म्हणणं बरोबर आहे. मी खोटा कागद दिला नसता तर ती खरा कागद घेऊन दिल्लीला मुलाखतीला गेली असती, तिथे तिला हे विचारलं गेलं असतं आणि तिने सांगितलं असतं. ती विचारल्यावर खोटं बोलत नाही, हे तू पाहिलंस. तुझ्या दादांना हेच म्हणायचं होतं.

तेव्हा दोघांपैकी एक निवडायचं कारण नाही. खोटारडी ती नाही आणि तेही नाहीत. ४ तारखेला सकाळी मी पुस्तक घेऊन पोलीस ठाण्यात जाते आहे. तुझ्या जबाबाच्या आधी.

इंदिरा

*

तळेगाव दाभाडे
२ सप्टेंबर २०२५

वहिनी,

ह्या पत्राला मी काय म्हणू? तुम्ही माझा भाऊ मला परत दिलात आणि त्याच पानावर पुन्हा काढून घेतलात. म्हणजे त्याला माहीत होतं. सोळा महिने तो माझ्यासमोर बैठकीत बसला, मी सीमेवरच्या मुकुलबद्दल सांगत असताना मान हलवत होता, आणि त्याला माहीत होतं. तुमच्यासाठी गप्प बसला.

सही तुम्ही केलीत हे सांगा. जरूर सांगा. पण पुस्तक देऊ नका. त्यात आणखी नव्वद जणांच्या स्थळप्रती आहेत, कातकऱ्यांच्या, मागे खरं लिहिलेल्या. त्यांचा बळी देऊन तुम्हाला स्वतःचं मन हलकं करायचं आहे का? आणि ते पान फाडा. हो, मीच सांगते आहे. कायदा कायदा म्हणणारी मी. जन्मभर तुम्ही दोघं मला 'नियमाची बाई' म्हणून हसलात, आता मीही पान फाडायला सांगते, घ्या, खूश व्हा.

पण सहीची खात्री पटवायला अक्षरतज्ज्ञ लागेल, वर्ष जाईल, तोवर ती बाई आत राहील, असं तुम्ही म्हणाल. मला ते कळतं. तरी सांगते आहे.

तुम्हाला मी क्षमा करणार नाही. त्या वाक्याबद्दल. हात थरथरण्याच्या.

राजेश्वरी

*

तुंगार्ली
८ सप्टेंबर २०२५

चि. राजेश्वरी,

४ तारखेला तू ठाण्यात येशील असं वाटलं नव्हतं. तू बाकावर बसलीस, माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी पुस्तक दिलं. साहेबांनी ते पान उघडून विचारलं, हे अक्षर मयताचंच कशावरून? मी सांगून उपयोग नव्हता, गुन्हा माझाच. तेव्हा तू उठलीस. पान फाडायला सांगितलं होतंस, ते पान तू दोन्ही हातांनी सरळ धरलंस आणि म्हणालीस, "हे माझ्या भावाचं अक्षर आहे. लहानपणापासून तो 'गं'वरचं टिंब असंच लांब देतो." मग साहेबांनी ते मागितलं, तर तुला सोडवेना. त्यांना दोनदा मागावं लागलं.

तू लगेच गेलीस म्हणून पुढचं कळवते. सुईपारवरचा बनावट कागदाचा आरोप ठेवणार नाहीत. कार्ड रद्द होईल. दिल्लीच्या चिठ्ठीसह तिला पुण्याच्या परदेशी नागरिक कचेरीत हजर केलं. नवऱ्याची चौकशी स्वतंत्र चालेल. तिला इथे राहू देतील की नाही हे कोणीच सांगत नाही. पण मावी परवा तिच्याकडे आली. दोघी एका खोलीत आहेत, बाहेर पोलीस आहे.

माझ्यावर गुन्हा दाखल झाला. वय पाहून अटक केली नाही, नोटीस दिली.

हौशीरामकडे गेले होते. तू विचारलं होतंस, त्याला जाऊन सांगाल का. सांगितलं. अडतिसाव्या पुस्तकातल्या नव्वद जणांना बोलावणार आहेत, हेही सांगितलं. तो विळ्याला धार लावत होता. म्हणाला, "म्हंजी बाय, तुमी एकीला घरात घेतली आन् आमच्या नव्वदांना दारात हुबं केलं." मी हो म्हटलं. त्याने पाणी दिलं नाही. प्रत्येक वेळी देतो.

इंदिरा

*

तळेगाव दाभाडे
२४ सप्टेंबर २०२५

वहिनी,

विश्वस्त मंडळातून तुमचं नाव काढलं. त्या ठरावाला मी सूचक होते. सभागृहाची पाटी लावायची की नाही यावर मतं पडली, दोनाला तीन. लागणार नाही. माझं मत मी लावण्याच्या बाजूने दिलं.

नव्वदांपैकी अकरा जणांचे जबाब झाले. मी प्रत्येकाबरोबर जाऊन बसते. तुम्ही येऊ नका, त्यांना आवडणार नाही.

त्या बाईबद्दल माझं मत बदललेलं नाही. तिचं काय व्हायचं ते खऱ्या कागदाने होऊ दे.

एकच विचारायचं आहे. माझ्याकडे दादाचं शेवटचं अक्षर नाही. जी दोन पत्रं जपून ठेवली होती ती तुमची निघाली. पुस्तक जप्त आहे. देण्याआधी त्या पानाचा फोटो काढला असेल तर पाठवा. बाकी काही लिहू नका.

राजेश्वरी

*

तुंगार्ली
२७ सप्टेंबर २०२५

चि. राजेश्वरी,

फोटो काढला नाही. सुचलं नाही.

चौकशी केली. जप्त कागदाची नक्कल न्यायालयाकडून मिळते. मयताच्या जवळच्या नातेवाइकांनी अर्ज करायचा, पत्नी आणि बहीण दोघींनी मिळून केला तर बरं, असं वकील म्हणाले. अर्ज लिहून सोबत ठेवला आहे. माझी सही केली आहे. तुझ्या सहीची जागा कोरी ठेवली आहे.

इंदिरा